क्षिप्र नेत्रगती आणि अनुमस्तिष्क

क्षिप्र नेत्रगती (सॅकेड) : एका लक्ष्यावरून दुसऱ्या लक्ष्याकडे दृष्टी नेताना दोन्ही डोळे जी एकदम झेप घेतात, तिला ही संज्ञा आहे. दहा अंशांची झेप सुमारे ५० मिलिसेकंदांत पुरी होते आणि मोठ्या झेपेत डोळ्याचा वेग सेकंदाला ५०० अंशांच्याही वर जातो. दृष्टिपटलावरची वार्ता मेंदूत पोचून तिच्या आधारे नवा हुकूम सुटेपर्यंत डोळा बहुधा मुक्कामी येऊन थांबलेला असतो, त्यामुळे चालू झेपेची दुरुस्ती पाहून करणे शक्यच नसते. तरीही ती लक्ष्याच्या अगदी नजीक उतरते, याचे श्रेय मुख्यतः अनुमस्तिष्काकडे, म्हणजे लहान मेंदूकडे जाते.

झेपेचा मूळ हुकूम मस्तिष्कस्तंभातील चेतापेशी स्नायूंना देतात. त्या हुकुमाचे माप ठरविण्याचे काम अनुमस्तिष्काच्या मध्यरेषेवरील वर्मिसचे सहावे व सातवे खंड आणि त्यांखालील फास्टिजियल केंद्रके करतात. डोळे उजवीकडे निघाले की डावे केंद्रक आरंभीच उद्दीपित होऊन गतीस जोर देते आणि उजवे काहीसे मागाहून उद्दीपित होऊन तिला वेळेवर आवरते. वर्मिसमधील पुर्किंजे पेशींचा या केंद्रकांवर निरोधक अंमल असतो. म्हणूनच वर्मिसच्या या खंडांस इजा झाल्यास झेप आखूड पडते, तर दोन्ही केंद्रके निकामी झाल्यास ती लक्ष्य ओलांडून जाते.

परंतु या नियमनाहूनही अधिक विस्मयकारक आहे ती अनुमस्तिष्काची शिकण्याची शक्ती. १९६७ मध्ये मॅक्लॉफ्लिन यांनी डोळा झेपावत असतानाच लक्ष्य किंचित मागे सरकविण्याची युक्ती योजली. झेपेच्या क्षणी दृष्टी मंदावलेली असल्याने हा बदल पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानीही येत नाही. तथापि तो पुनःपुन्हा घडला की झेप आपोआप आखडत जाते. चुकीची ही वार्ता अधर ऑलिव्ह केंद्रकाकडून आरोही तंतूंच्या द्वारे पुर्किंजे पेशींना पोचते, असे मानले जाते. ऑप्टिकन व रॉबिन्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तर या विषयात निर्णायक म्हटला पाहिजे. माकडाच्या एका डोळ्याचे स्नायू शस्त्रक्रियेने दुर्बळ करून त्यांनी त्याचा सशक्त डोळा झाकून ठेवला, तेव्हा दुर्बळ डोळ्याच्या आखूड झेपा काही दिवसांतच सुधारल्या. अनुमस्तिष्क काढून टाकल्यावर मात्र ही सुधारणा होईनाशी झाली.

अनुमस्तिष्काच्या विकारांत वैद्य रुग्णास आपले नाक आणि बाजूला धरलेले बोट यांकडे आळीपाळीने पाहावयास सांगतात. नेत्रस्नायू लुळे पडलेले नसतानाही डोळा बोटापलीकडे जातो आणि माघारी येतो, किंवा अलीकडेच थांबून दुसऱ्या लहान झेपेने बोट गाठतो.