तबीब-उन-नम्ल आणि वाट न चुकणारे यंत्र

ट्युनिशियातील कैरवान हे शहर इस्लामच्या इतिहासाच्या वाचकांना नवे नाही. इ. स. ६७० मध्ये उक्बा बिन नाफे यांनी ते वसवले. तिथली जामा मशीद उत्तर आफ्रिकेतील सर्वांत मान्यवर मशिदींपैकी एक. दहाव्या शतकात इब्न अल-जज्जार हे नामवंत हकीम याच शहरात होऊन गेले. त्यांचा 'जाद अल-मुसाफिर', म्हणजे प्रवाशाची शिदोरी, हा वैद्यकग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात अभ्यासला गेला. या शहरात त्यानंतर साडेनऊशे वर्षांनी आलेल्या आणखी एका तबीबाची हकिकत आम्ही इथे सांगणार आहोत. यंत्रमानवाच्या म्हणजे रोबोच्या इतिहासात त्यांना मानाची जागा मिळायला हवी होती, पण त्या विषयाच्या लोकप्रिय पुस्तकांत त्यांचे नाव सहसा भेटत नाही.

त्यांचे नाव फेलिक्स सांची. (आपल्या सांचीच्या स्तूपाशी या नावाचा काही संबंध नाही.) १८७२ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले हे गृहस्थ वैद्यकीचे शिक्षण घेऊन १९०१ मध्ये कैरवानला आले आणि तिथेच डॉक्टरकी करू लागले. तेव्हा ट्युनिशियावर फ्रेंचांचा अंमल होता. रोग्यांना तपासून झाले की डॉक्टरसाहेब मुंग्या पाहत बसत. कैरवानच्या लोकांनी त्यांना नाव दिले 'तबीब-उन-नम्ल', मुंग्यांचा डॉक्टर. उर्दू शाळेतल्या मुलाला या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. तबीब त्याला ठाऊक असतो, आणि नम्ल म्हणजे मुंगी हे कुरआनातील त्या नावाच्या सूरेमुळे त्याच्या कानावर असते. नावात थट्टा होती की आपुलकी, हे आज कोण सांगणार? पण विद्यापीठात कसलेही पद नसलेल्या या माणसाला पहिली पदवी दिली ती मोहल्ल्याने, असे आम्ही समजतो.

मुंगी अन्न शोधायला दूर जाते आणि बिळाकडे नेमकी परतते. कशी? वासाच्या मागावरून, असे बहुतेक जाणकारांचे मत होते. सांचींनी १९११ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. घरी निघालेल्या मुंगीवर येणारे ऊन त्यांनी आडोसा धरून अडवले आणि दुसऱ्या बाजूने आरशातून सूर्याचे प्रतिबिंब तिला दाखवले. मुंगी वळली आणि उलट दिशेने चालू लागली. म्हणजे तिची वाट जमिनीवर नव्हती, आकाशात होती. एक आरसा आणि एक आडोसा, एवढ्याच सामानावर हा शोध लागला. प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान शिकवता येत नाही, अशी तक्रार आम्ही शिक्षक नेहमी करतो. तिच्यात तथ्य आहेच, पण हा आरसा मनातून जात नाही.

पुढचा प्रयोग, १९२३ सालचा, अधिक खोल आहे. सांचींनी मुंगीभोवती पुठ्ठ्याचे नळकांडे धरले. तिला आता ना सूर्य दिसत होता, ना झाड, ना टेकडी. डोक्यावर फक्त निळ्या आकाशाचा तुकडा. तरीही ती वाट सोडीना! नळकांड्यावर घासलेली काच ठेवली तेव्हा मात्र ती गोंधळली. आकाशाच्या त्या कोऱ्या तुकड्यात मुंगीला काहीतरी दिसते, हे सिद्ध झाले. काय दिसते, हे सांचींना अखेरपर्यंत उमगले नाही. १९४० मध्ये त्यांचे निधन झाले.

उत्तर मिळाले ते १९४९ मध्ये, मधमाश्यांकडून. कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवून दिले की मधमाश्यांना ध्रुवीभूत प्रकाश ओळखता येतो. हा प्रकार थोडा समजावून सांगितला पाहिजे. दोरीचे एक टोक भिंतीला बांधून दुसरे हलवले तर लाट उभी जाते, आडवी जाते किंवा तिरपी जाते. प्रकाशाच्या लहरीही अशाच कुठल्याही दिशेने कंप पावतात. पण सूर्यकिरण हवेतून विखुरले की आकाशाच्या प्रत्येक भागात एका ठरावीक दिशेचे कंपन वरचढ होते आणि त्याची सूर्याभोवती एक नक्षी तयार होते. आपल्या डोळ्याला ती जवळजवळ दिसतच नाही. कीटकांच्या डोळ्याच्या वरच्या कडेला मात्र ती टिपणारे खास भिंग-घटक असतात. सांचींची घासलेली काच ही नक्षीच पुसून टाकत होती. फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळाले, आणि ते योग्यच होते. सांचींचे निबंध फ्रेंचमध्ये, स्वित्झर्लंडच्या नियतकालिकांत पडून होते. वैद्यकी करणाऱ्या एकट्या माणसाचे ते लेखन. त्यांची कदर फार उशिरा झाली.

ती करणाऱ्यांत झुरिच विद्यापीठाचे रुडिगर वेनर प्रमुख आहेत. ट्युनिशियाच्याच किनाऱ्यावरील महरेस या गावाजवळ त्यांनी १९६९ पासून वाळवंटी मुंगीचा अभ्यास केला. ही कॅटाग्लिफिस मुंगी भर दुपारी निघते, उन्हाने मेलेले किडे शोधते. जाताना नागमोडी भटकते, भक्ष्य सापडताच शंभर मीटर अंतरावरूनही सरळ रेषेत घरी येते. आकाशावरून दिशा आणि चालीवरून अंतर यांचा हिशेब ती सतत बेरजेत ठेवते. परतायला निघालेल्या मुंगीला उचलून दुसरीकडे ठेवले तर ती आपला हिशेब तसाच पुरा करते आणि बीळ नसलेल्या जागी जाऊन बीळ शोधू लागते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दहा मीटर चालून गेलेल्या मुंग्यांच्या पायांना डुकराच्या राठ केसांचे तुकडे चिकटवून ते लांब केले, तर काहींचे पाय छाटून आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या सुमारे पंधरा मीटर चालून गेल्या, आखूड पायांच्या सहा मीटरही गेल्या नाहीत. मुंगी पावले मोजते, हे ठरले. पाय छाटण्याची ही रीत आम्हाला रुचत नाही, पण पुरावा पक्का आहे.

इकडे यंत्रमानव बनवणारे वेगळ्याच वाटेने निघाले होते. कॅलिफोर्नियात १९६६ ते १९७२ या काळात घडवलेला 'शेकी' आधी खोलीचा नकाशा मनात मांडी, मग बेत आखी, मग हले. ठोकळे ठेवलेल्या मोजक्या खोल्यांतही त्याला फार वेळ लागे. बाहेरच्या जगात तर त्याचा निभाव लागणेच कठीण. १९८६ पासून अमेरिकेत रॉडनी ब्रुक्स यांनी उलट विचार मांडला. यंत्राला बुद्धिबळपटू करण्याआधी कीटक करा, असा त्याचा मथितार्थ. त्यांचा सहा पायांचा 'गेंगिस' १९८९ चा.

झुरिचला प्राणिशास्त्रज्ञ वेनर आणि यंत्रबुद्धीचे अभ्यासक रोल्फ फायफर एकाच विद्यापीठात होते. त्यातून 'साहाबोट' जन्मला. सहारा आणि रोबो, दोन्ही त्या नावात आहेत. दिमित्रिओस लँब्रिनोस आणि सहकाऱ्यांनी या चाकांच्या गाड्याला कीटकाच्या डोळ्यासारखे ध्रुवीभूत प्रकाशाचे संवेदक बसवले आणि १९९० च्या दशकात त्याला घेऊन गेले ते ट्युनिशियाच्या त्याच वाळवंटात, मुंग्यांच्या घरी. यंत्र चालले, हे महत्त्वाचे आहेच. आम्हाला त्याहून महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. मुंगीने दिशा पाहण्यासाठी जागच्या जागी गिरकी घेऊन आकाश चाचपावे लागते की एका नजरेत ते वाचता येते, असा वाद होता. एका वेळी सगळे संवेदक वाचणारी पद्धत साहाबोटवर अधिक चांगली ठरली. प्राण्याकडून यंत्राने घ्यायचे, एवढाच हा व्यवहार नाही. यंत्रानेही मुंगीबद्दलच्या प्रश्नाला उत्तर सुचवले.

फ्रान्समधील मार्सेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये 'अँटबॉट' जगापुढे आणला. सहा पाय, पावलांची मोजणी, आणि आकाश पाहायला केवळ दोन अतिनील संवेदक, त्यांवर फिरणाऱ्या ध्रुवीकरण-काचा. उपग्रहाची मदत न घेता हा यंत्रमानव चौदा मीटरपर्यंत भटकून सुमारे एक सेंटिमीटरच्या चुकीने मूळ जागी परतला. उपग्रहाचे संकेत पोचत नाहीत किंवा मुद्दाम बुजवले जातात तिथे अशा होकायंत्राचा उपयोग होईल. तो शेतात होईल की रणांगणावर, हे मुंगीच्या हाती नाही.

अँटबॉटचे वजन दोन किलो तीनशे ग्रॅम आहे. कॅटाग्लिफिसचे सुमारे दहा मिलिग्रॅम. सांचींनी जमवलेल्या मुंग्या स्वित्झर्लंडमधील बाझलच्या संग्रहालयात टाचण्यांवर जपून ठेवल्या आहेत, आणि त्यांच्याच जातभाई कैरवानच्या परिसरात आजही उन्हात हिंडत असतात.