वाट कोणी शोधायची?

चारठाण्याहून नांदेडला शिकणाऱ्या लेकराला लाडवांचा डबा पाठवायचा, तर दोन तऱ्हा आहेत. एसटीनं पाठवला, तर जिंतूरला कोण उतरवून घेईल, परभणीला कोणत्या गाडीत ठेवील, हे सगळं आपणच आधी जमवायचं. एक माणूस चुकला की डबा अडकला. पोस्टानं पाठवला, तर आपण पत्ता लिहायचा. वाट पोस्ट बघतं.

इंटरनेट घडत होतं तेव्हा हाच प्रश्न पुढं आला. वाट शोधायचं काम टोकाच्या यंत्रानं करायचं, की मधल्या जाळ्यानं? आज आम्ही त्याची गोष्ट सांगतो.

पोस्टाची वाट सोपी करणारे अधिकारी मराठी होते, श्रीराम भिकाजी वेलणकर. ते संस्कृतचे कवीही होते. त्यांनी आखलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. जिंतूरचा पिन ४३१५०९. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल छाटणीचा जिल्हा आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. छाटणाऱ्याला सगळी वाट माहीत लागत नाही, पुढचा टप्पा कळला की पुरे.

संगणकांच्या पत्रांचं मात्र सुरुवातीला एसटीच्या डब्यासारखं होतं. भारतात १९८६ साली 'एर्नेट' हा प्रकल्प सुरू झाला. १९८७मध्ये मुंबईतली एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल जाऊ लागली. तेव्हा जगभर चालणाऱ्या यूयूसीपी या पद्धतीत, पत्र कोणकोणत्या यंत्रांमधून जाणार त्यांची नावं पाठवणाऱ्यानं ओळीनं लिहायची, मध्ये उद्गारचिन्हं देऊन. मधलं एक यंत्र बंद पडलं की पत्र तिथंच राहायचं.

इंटरनेटनं पोस्टाची तऱ्हा घेतली. मजकुराचे छोटे तुकडे होतात, प्रत्येकावर पत्ता असतो. वाटेतलं राउटर नावाचं यंत्र पत्ता वाचून तुकडा पुढच्या राउटरकडे देतं. एक वाट तुटली तर दुसरी शोधतं. पाठवणाऱ्यानं वाट लिहून द्यायची सोय इंटरनेटच्या नियमांतही होती. पण तिच्या आडून फसवणूक करता येते, म्हणून आता बहुतेक ठिकाणी ती बंद ठेवतात.

मग सगळंच जाळ्यावर सोपवलं का? नाही. १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांनी एक लेख छापला. त्यांचं म्हणणं असं: मधल्यांनी कितीही काळजी घेतली, तरी काम पुरं झालं की नाही हे शेवटी टोकाचेच सांगू शकतात. राउटर तुकडा पोचेलच अशी हमी देत नाही. कोणता तुकडा आला नाही हे टोकाची यंत्रं तपासतात आणि तो पुन्हा पाठवतात. थोडक्यात, वाट जाळ्यानं शोधायची आणि खात्री टोकानं करायची.

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या पैशाला हाच नियम लागू आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन टिका दिसल्या म्हणजे निरोप फोनपर्यंत पोचला. पैसे जमा झाले असा त्याचा अर्थ नाही. हप्ता भरताना मोबाइलवर चाक फिरतच राहिलं, तर घाईनं दुसऱ्यांदा पाठवू नका. आधी आपल्या खात्यातून रक्कम गेली का ते पाहा. मग ज्या खात्यात भरायची तिथं जमा झाली का ते विचारा. दोन्ही टोकांची नोंद जुळली, की मगच गटाच्या वहीत लिहा. पैसा कोणत्या वाटेनं गेला हे आपल्याला कळणार नाही, कळायची गरजही नाही. पोचला का, हे मात्र आपणच बघायचं. ते काम जाळं करत नाही.