चेहऱ्याची साक्ष

इ. स. १८९५ च्या डिसेंबरांत लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवर एका स्त्रीनें अडॉल्फ बेक नांवाच्या नॉर्वेजियन गृहस्थास अडविलें. आपले दागिने लुबाडणारा भामटा तो हाच, असें तिचें म्हणणें. बेकनें स्वतःच पोलिसाकडे धांव घेतली. परंतु कोठडींत गेला तो बेकच. पुढें अनेक स्त्रियांनीं त्यास ओळखलें. १८७७ मध्यें जॉन स्मिथ या नांवानें शिक्षा झालेला ठक तोच, असें एका निवृत्त पोलिसानेंही शपथेवर सांगितलें. वस्तुतः त्या वर्षीं बेक दक्षिण अमेरिकेंत होता. १८९६ मध्यें त्यास सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

१८९८ मध्यें तुरुंगाच्या नोंदींतील एका शारीरिक खुणेवरून बेक हा स्मिथ नव्हे, हें सरकारास कळलें. तरी शिक्षा रद्द झाली नाहीं. १९०१ मध्यें तो सुटला आणि १९०४ मध्यें तशाच आरोपावरून पुन्हां दोषी ठरला. तेवढ्यांत खरा भामटा अंगठ्या गहाण टाकतांना सांपडला. बेक निर्दोष ठरला, त्यास ५,००० पौंड भरपाई मिळाली, आणि १९०७ मध्यें इंग्लंडांत फौजदारी अपील न्यायालय स्थापण्यास हें प्रकरण मोठें निमित्त झालें.

त्या स्त्रिया खोटें बोलत नव्हत्या. चेहराच फसवा होता. चेहऱ्याहून खात्रीची खूण हवी, या गरजेंतूनच १८९७ मध्यें कलकत्त्यास व १९०१ मध्यें स्कॉटलंड यार्डांत बोटांच्या ठशांचीं दफ्तरें सुरू झालीं.

एकविसाव्या शतकांत चेहऱ्याची साक्ष यंत्राच्या मुखानें परत आली. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं २०१८ मध्यें एका दुकानांतून घड्याळें चोरीस गेलीं. कॅमेऱ्यांतील अंधुक चित्र संगणकास दाखवितां त्यानें एका निरपराध कृष्णवर्णी गृहस्थाच्या वाहन-परवान्यावरील छायाचित्र काढून दिलें. मग, चोरी प्रत्यक्ष न पाहतां केवळ चित्रफीत पाहिलेल्या व्यक्तीनें तेंच छायाचित्र निवडलें. जानेवारी २०२० मध्यें पत्नी व मुलींदेखत त्या गृहस्थास बेड्या पडल्या. सुमारें तीस तास तो कोठडींत होता.

येथील धोका सूक्ष्म आहे. यंत्र लाखों चित्रांतून सर्वांत सारखा दिसणारा चेहरा निवडतें. तो माणूस तोच असेल असें नाहीं. अशा चेहऱ्यापुढें साक्षीदार उभा केला, तर त्याची चूक जणूं आधींच ठरलेली असते. शिवाय डिसेंबर २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन सरकारी पाहणींत १८९ संगणकीय पद्धती तपासल्या, तेव्हां बहुतेकींत कृष्णवर्णी व आशियाई चेहऱ्यांची चुकीची ओळख अधिक आढळली.

२०२४ च्या तडजोडींत डेट्रॉइट पोलिसांनीं केवळ यंत्राच्या उत्तरावरून, किंवा लागलीच घेतलेल्या छायाचित्रांच्या ओळखपरेडीवरून, कोणास अटक न करण्याचें मान्य केलें. सारखेपणा हा तपासाचा आरंभ होय, पुरावा नव्हे, हा धडा बेकच्या तुरुंगवासानें एकदां शिकविला होता. तो दुसऱ्यांदा शिकण्याचें मोलही एका निरपराध्यासच द्यावें लागलें.