नकाशावरची कोरी जागा उंच असते का? पालघर-बोईसरचा टोपोशीट असा वाचा

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा उघडा. यात २ सेंमी म्हणजे जमिनीवरचा १ किमी. पालघर-बोईसर भागात एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. पूर्वेला काळदुर्ग, असावा या बाजूच्या डोंगरांवर तपकिरी रेषांची गर्दी आहे, तर रेल्वेमार्गापासून समुद्रापर्यंतचा पट्टा जवळजवळ कोरा आहे.

तपकिरी रेषा म्हणजे समोच्च रेषा, एकाच उंचीच्या जागा जोडणाऱ्या. त्या जितक्या जवळ, तितका चढ तीव्र. नाला ओलांडताना त्या इंग्रजी 'व्ही'सारख्या मुडपतात आणि टोक चढाकडे असतं. त्यावरून पाणी कुठून कुठे जातं ते कळतं.

सूर्या नदीचंच बघा. पालघरपासून समुद्र इतका जवळ, तरी ती तिथे थेट पोहोचत नाही. मध्ये डोंगररांग आहे. म्हणून ती मासवणवरून दक्षिणेकडे जाऊन वैतरणेला मिळते आणि वैतरणा दातिवरे-अर्नाळ्याजवळ समुद्राला. याच सूर्येच्या धामणी धरणावर वसई-विरार आणि मीरा-भाईंदरच्या पाणीपुरवठ्याची योजना आधारलेली आहे. एकूण योजना रोज ४०३ दशलक्ष लिटरची आहे. मूळ धरण सिंचनासाठी असल्याने इथल्या शेतकऱ्यांची नाराजी जुनी आहे.

आता तो कोरा पट्टा. या नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये साधारण २० मीटरचं अंतर असतं. म्हणजे समुद्रसपाटीपासून १९ मीटरवरची वाडी आणि भरतीच्या पाण्याला लागून असलेलं खाजण, दोन्हीकडे एकही रेषा नसते! फसगत होते ती इथेच. प्लॉट घ्यायचा असेल तर रेषा शोधू नका, खाडीचे निळे फाटे, दलदलीच्या खुणा आणि मिठागरं शोधा. सातपाटी आणि मुरबे यांच्यामधली खाडी अशीच आत घुसलेली दिसते. जोरदार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही, मागे तुंबतं.

तारापूर औद्योगिक वसाहत याच सखल पट्ट्यात आहे. तिच्या सांडपाण्याने खाड्या आणि मासेमारीचं नुकसान होतं, ही तक्रार घेऊन मांगेला समाजाची संघटना राष्ट्रीय हरित लवादात गेली होती.

नकाशाच्या कडेला सर्वेक्षणाचं वर्षही छापलेलं असतं, ते आधी पाहा. त्यानंतर बुजवलेला नाला नकाशावर अजून तसाच दिसेल. पावसाळ्यात पाणी बहुधा त्याच वाटेने येतं.