पुणे आनेकलहून किती लांब?

पुण्याहून आमच्याकडे येऊ म्हणणारा प्रत्येक आप्त पहिला प्रश्न करतो तो अंतराचा. उत्तर सोपे आहे. पुणे ते बंगळूर आकाशमार्गाने सुमारे ७३५ किलोमीटर, सडकेने ८४० च्या आसपास. विमान दीडएक तासात पोहोचते. मात्र २००८ च्या मे महिन्यात शहरातील जुन्या विमानतळावरील नियमित प्रवासी वाहतूक बंद होऊन ती उत्तरेस देवनहळ्ळीस गेली, आणि आनेकल तर शहराच्या आग्नेयेस. तेव्हा पाहुण्याने अवघे बंगळूर ओलांडावयाचे. त्यास पुष्कळदा विमानाहून अधिक वेळ लागतो. अखेरच्या टप्प्याने सारा हिशेब उलटावा, हे या मुलखात नवे नाही. १७९१ साली एक मोठी मोहीम अशीच फुकट गेली.

टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम व मराठे एकत्र आले होते. परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात सहा महिन्यांहून अधिक अडकून पडले. किल्ला एप्रिलच्या आरंभी हाती आला. हरिपंत फडके त्या वर्षाच्या आरंभी पुण्याहून निघाले होते. इकडे लॉर्ड कॉर्नवॉलिसने मार्चमध्ये बंगळूर घेतले आणि मराठ्यांची वाट न पाहता मे महिन्यात श्रीरंगपट्टणची वाट धरली. चन्नपट्टणचा सरळ रस्ता सोडून तो कानकानहळ्ळीवरून, म्हणजे आजच्या कनकपुऱ्यावरून गेला. हे गाव आनेकलच्या पश्चिमेसच आहे. वाटेत दाणावैरण नव्हती. पाऊस लागला, बैल मरू लागले, आणि जड तोफा ओढण्यास माणसे जुंपावी लागली. १५ मे रोजी अरकेरेजवळ त्याने लढाई जिंकली खरी, पण सैन्य उपाशी होते. २२ मे रोजी त्याने वेढ्याच्या तोफा स्वतःच निकामी केल्या आणि २६ ला माघार घेतली.

त्याच सुमारास मेलकोट्याच्या बाजूने घोडेस्वार दिसू लागले. इंग्रजांनी ते टिपूचे समजून लढाईची तयारी केली. निघाले ते मराठे! भाऊ आणि हरिपंत इतक्या जवळ येऊन ठेपले होते, आणि कॉर्नवॉलिसला गंधवार्ता नव्हती. जासूद निघत, परंतु टिपूचे चपळ स्वार त्यांना वाटेतच गाठीत. शेकडो मैलांची मजल दोन्ही फौजांनी मारली. अडली ती शेवटच्या थोड्या कोसांची खबर. ती आठ दिवस आधी लागती, तर त्या तोफा फुटत्या ना.

मराठ्यांच्या लष्करी बाजाराचे वर्णन इंग्रज लेखकांनी मोठ्या अचंब्याने केले आहे. उपाशी शिपायांना तेथे धान्य मिळाले, अर्थात महागड्या भावाने; आणि काश्मिरी शालींपासून बर्मिंगहॅमच्या चाकू-कात्र्यांपर्यंत सारे विकावयास मांडलेले होते. आमच्या मते भाऊंचे यश धारवाडइतकेच या बाजारातही मोजावे. दोस्ताचे पोट भरणारा बाजार परमुलखात चालता ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे, हे बदलीच्या गावी नव्याने बिऱ्हाड मांडलेल्या कोणासही पटेल.

दोन्ही सैन्ये मग मिळून बंगळूरकडे वळली. जुलैत इंग्रजांनी होसूर घेतले, ते आनेकलपासून पंधराएक किलोमीटरांवर आहे. खालच्या बारामहालातून रसद वर येण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. परंतु नव्या तोफा आणि नवे बैल जमवून श्रीरंगपट्टणपुढे पुन्हा उभे राहण्यास फेब्रुवारी १७९२ उजाडला.