व्यक्तिचित्रणातील मुखप्रमाणे

चेहऱ्याच्या अवयवांची लांबी, रुंदी व त्यांमधील अंतरे यांचे परस्परांशी असलेले गुणोत्तर म्हणजे मुखप्रमाण. व्यक्तिचित्र रेखाटताना ते दोन मार्गांनी ठरविले जाते : पूर्वनिश्चित आदर्श प्रमाणसूत्रावरून किंवा समोरील व्यक्तीच्या प्रत्यक्ष मापनावरून. आदर्श व सादृश्य यांतील हा विरोध मुखप्रमाणांच्या इतिहासात सातत्याने आढळतो.

रोमन वास्तुकार व्हिट्रूव्हिअस (इ. स. पू. पहिले शतक) याने हनुवटीपासून केशरेषेपर्यंतची उंची देहाच्या एक-दशांश मानली व चेहऱ्याचे तीन समान भाग कल्पिले : हनुवटी ते नाकपुड्यांचा तळ, तेथून भ्रूमध्य व भ्रूमध्यापासून केशरेषा. भारतात विष्णुधर्मोत्तर पुराणातील ‘चित्रसूत्रा’तही मुखाची उंची १२ अंगुले म्हणजे एक ताल असून कपाळ, नाक व हनुवटी यांना प्रत्येकी ४ अंगुले दिली आहेत. मात्र त्यात हंस (१०८ अंगुले) ते शशक (९० अंगुले) असे पाच पुरुषप्रकार मानलेले असून चित्रात सादृश्यालाही महत्त्व दिले आहे.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने आरंभी आदर्श प्रमाणाचा शोध घेतला. तथापि १५२८ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या मानवी प्रमाणांवरील ग्रंथात त्याने अनेक देहप्रकार दिले आणि चेहऱ्यावर आखलेल्या रेषा सरकवून एकाच मुखापासून भिन्न मुखे कशी सिद्ध होतात, हे दाखविले. डच शरीररचनाशास्त्रज्ञ पेट्रस काम्पर याने मांडलेल्या मुखकोनाचा (मरणोत्तर प्रसिद्धी १७९१) उपयोग पुढे वंशांची उच्चनीचता ठरविण्यासाठी झाला. मापाला मूल्य मानण्याचा हा दुष्परिणाम होय.

प्रत्यक्ष रेखाटनात चित्रकार हात ताठ ठेवून व एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेतो आणि इतर अंतरे त्याच्याशी ताडून पाहतो. उभ्या रेषांसाठी ओळंबा वापरतात. डोळे डोक्याच्या मध्यावर असतात, दोन डोळ्यांत एका डोळ्याइतके अंतर असते, हे ठोकताळे आरंभी उपयोगी पडतात. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना १८५७) पाश्चात्त्य अभिजात शिल्पांच्या प्लॅस्टर प्रतिकृती व जिवंत व्यक्ती या दोहोंवरून रेखाटन शिकविले गेले. त्यामुळे विद्यार्थ्याला आदर्श व वास्तव यांतील फरक हातानेच उमगे.

लेस्ली फार्कस व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये उत्तर अमेरिकेतील गौरवर्णीय तरुणांच्या चेहऱ्यांची मापे घेतली, तेव्हा अनेक अभिजात सूत्रे बहुतेकांना लागू पडत नसल्याचे आढळले. प्रमाणसूत्र हे तुलनेचे साधन असून त्यापासून चेहरा जेथे ढळतो, तेथेच बहुधा व्यक्तीची ओळख असते.