वारसा जमिनीचा आणि वारसा शब्दाचा

वडिलांनी मिळविलेली जमीन मुलांच्या नावावर चढते. त्यासाठी मृत्युपत्र असते, वारसनोंद असते, सरकारी शिक्का असतो. पण वडिलांनी दिलेला शब्द मुलांच्या नावावर कोण चढविणार? त्याचे दप्तर कोणत्याही कचेरीत नसते. जमीन वारशाने आपोआप येते. शब्द प्रत्येक पिढीने स्वतःहून स्वीकारावा लागतो. अमेरिकेतील पेन्सिल्व्हानिया हे राज्य ज्या घराण्याच्या नावाने ओळखले जाते, त्या पेन घराण्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. राजेरजवाडे वगळले तर एवढी जमीन जगात क्वचितच दुसऱ्या एखाद्या कुटुंबाच्या मालकीची झाली असेल. त्या जमिनीचे काय झाले आणि तिच्यावर उभे राहून दिलेल्या वचनाचे काय झाले, त्याची ही कथा.

नौसेनापतीचा मुलगा

घराण्याचा उत्कर्ष सर विल्यम पेन या इंग्रज नौसेनापतीपासून सुरू होतो. क्रॉमवेलच्या राजवटीत १६५५ साली इंग्रजांनी स्पेनकडून जमैका बेट जिंकून घेतले, त्या मोहिमेतील आरमार त्याच्या हाताखाली होते. पुढे राजेशाही परत येताच तो राजाच्या बाजूस गेला आणि मानमरातबास चढला. आयर्लंडमध्ये त्याला मोठी जहागीर मिळाली. ही जहागीर म्हणजे आयरिश कॅथलिकांकडून हिरावून घेतलेली जमीन होती, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. पेन घराण्याची पहिली मोठी मिळकतच अशी दुसऱ्याच्या अश्रूंनी भिजलेली होती.

त्याचा मुलगा विल्यम १६४४ साली लंडनमध्ये जन्मला. वडिलांची स्वप्ने दरबाराची, तर मुलाचा ओढा देवाकडे. राजमान्य चर्चच्या शिस्तीला विरोध केल्यामुळे १६६२ साली त्याला ऑक्सफर्डमधून काढून टाकण्यात आले. वडिलांनी त्याला फ्रान्सला पाठविले, कायदा शिकविला आणि अखेर जहागिरीची व्यवस्था पाहण्यासाठी आयर्लंडला धाडले. तेथेच, १६६७ साली, कॉर्क शहरात टॉमस लो या क्वेकर प्रवचनकाराचे शब्द त्याच्या कानी पडले आणि हा तेवीस वर्षांचा जमीनदारपुत्र क्वेकर झाला.

क्वेकर म्हणजे थरथर कापणारे. हे नाव इतरांनी चेष्टेने दिलेले. ते स्वतःला 'मित्र' म्हणवीत. जॉर्ज फॉक्स याने सतराव्या शतकाच्या मध्यास हा पंथ स्थापन केला. प्रत्येक माणसाच्या अंतःकरणात देवाचा प्रकाश आहे, ही त्यांची मूळ श्रद्धा. त्यांच्या उपासनेत धर्मगुरू नाही, संस्कारविधी नाहीत; सारे निःशब्द बसून राहतात आणि ज्याला आतून प्रेरणा होईल तो बोलतो. संस्कारांवर उभ्या असलेल्या आपल्या श्रद्धाजीवनापासून हे फार दूरचे आहे. तथापि त्यांच्या आचरणातील कणखरपणा कोणालाही आदर वाटावा असाच होता. ते शस्त्र धरीत नसत. ते शपथ घेत नसत, कारण 'होय' म्हणजे होय आणि 'नाही' म्हणजे नाही, असे प्रभूनेच सांगितले आहे. ते कोणापुढे टोपी काढीत नसत आणि राजालाही 'अहो' न म्हणता 'तू'च म्हणत. ज्या समाजात मोठ्यांना एकेरी संबोधणे म्हणजे त्यांच्या तोंडावर थप्पड मारण्यासारखे होते, तेथे या लोकांनी तुरुंग भरले यात नवल नाही.

धाकट्या पेनलाही तुरुंगाची वाट चुकली नाही. लंडनच्या रस्त्यावर प्रवचन केल्याबद्दल १६७० साली त्याच्यावर खटला झाला. पंचांनी त्याला दोषी ठरविण्यास नकार दिला, तेव्हा न्यायाधीशांनी पंचांनाच उपाशी कोंडून ठेवले. त्या प्रकरणातूनच पंचांच्या स्वातंत्र्याचे तत्त्व इंग्रजी कायद्यात कायमचे रुजले. त्याच वर्षी नौसेनापती मरण पावला. एके काळी मुलाला घराबाहेर काढणाऱ्या या बापाने मरणापूर्वी त्याचा दंड भरून त्याला सोडविले आणि राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याच्याकडे त्याच्या संरक्षणासाठी शब्द टाकला.

दोन कातडी खंड

राजा दुसरा चार्ल्स हा नौसेनापतीचे १६,००० पौंड देणे लागत होता. पेनने पैशांऐवजी अमेरिकेतील जमीन मागितली. ४ मार्च १६८१ रोजी राजाने सनद दिली. जमीन सुमारे ४५,००० चौरस मैल. खंड दरसाल बीव्हर या प्राण्याची दोन कातडी. याच चार्ल्सने १६६८ साली आपली मुंबई वार्षिक दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिली होती, हे आठवले म्हणजे या सनदेमागची राजनीती आपल्याला अपरिचित वाटणार नाही. तेथे राहणाऱ्यांना विचारण्याची गरज राजाला दोन्हीकडे भासली नाही.

पेनला मात्र ती भासली. त्या भूमीत लेनापे लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. राजाची सनद हाती असूनही त्याने १६८१ सालीच त्यांना पत्र लिहिले आणि तुमच्या संमतीने व प्रेमानेच मी तेथे राहू इच्छितो, असे कळविले. जमीन त्यांच्याकडून मोबदला देऊन घ्यावयाची. वसाहतकरी व लेनापे यांच्यात तंटा झाल्यास दोन्हीकडचे सहा-सहा पंच बसवावयाचे, असे नियम त्याने घातले. १६८२ साली 'वेलकम' जहाजातून तो निघाला. वाटेत देवीची साथ उद्भवून शंभरेक प्रवाशांपैकी तीसजण दगावले. तेथे पोहोचल्यावर त्याने लेनापे भाषा शिकण्याचा प्रयत्न केला. डेलावेअर नदीकाठी शॅकामॅक्सन येथे एका विशाल एल्म वृक्षाखाली त्याने त्यांच्याशी मैत्रीचा करार केला, अशी परंपरा आहे. त्या कराराचा लेख उपलब्ध नाही. परंतु पुढे सत्तर वर्षे तेथे युद्ध झाले नाही, हीच त्याची साक्ष.

या सज्जनाच्या चरित्रात काळे डागही आहेत. त्याच्या पेन्सबरी येथील मळ्यात गुलाम राबत होते. १६८८ साली त्याच्याच वसाहतीतील जर्मनटाउन गावच्या चौघांनी गुलामगिरीचा लेखी निषेध केला होता, तरी मालकाच्या घरी गुलाम राहिलेच. प्रत्येक माणसात देवाचा प्रकाश आहे, असे मानणाऱ्याला स्वतःच्या शेतात राबणाऱ्या माणसातील प्रकाश दिसू नये, हा मनुष्यस्वभावाचा दुबळेपणा आपल्या ओळखीचा आहे.

सनद आणि मिस्सा

२८ ऑक्टोबर १७०१ रोजी पेनने वसाहतीला हक्कांची सनद दिली. तिचे पहिलेच कलम सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचे होते. एका देवाला मानणाऱ्या कोणाही माणसाला त्याच्या उपासनेबद्दल त्रास दिला जाणार नव्हता. या कलमाचा लाभ कॅथलिकांनाही झाला. १७३३ साली येशूसंघीय धर्मगुरू फादर जोसेफ ग्रीटन ह्यांनी फिलाडेल्फियात संत जोसेफ ह्यांच्या नावे एक लहानसे प्रार्थनामंदिर उभारले. इंग्रजी साम्राज्यात इतरत्र बहुतेक ठिकाणी मिस्सा उघडपणे अर्पण करणे हा गुन्हा होता. साहजिकच पुढच्या वर्षी हा प्रश्न वसाहतीच्या मंडळापुढे आला; पण पेनच्या सनदेचा आधार मिळाला आणि मंदिराचे दार उघडेच राहिले. पेनविषयी आणखी एक मौज सांगितली पाहिजे. कॅथलिक राजा दुसरा जेम्स याच्याशी असलेल्या मैत्रीमुळे हा क्वेकर छुपा येशूसंघीय असल्याची आवई लंडनमध्ये उठली होती आणि जेम्सची गादी गेल्यावर त्याला अटकही झाली.

पेनचे दक्षिणेकडील शेजारी मेरीलँडचे कॅल्व्हर्ट घराणे. ते कॅथलिक. दोघांनीही छळाच्या काळात श्रद्धेसाठी किंमत मोजलेली, आणि तरीही जमिनीच्या हद्दीवरून त्यांचा तंटा पिढ्यानपिढ्या चालला. मेसन व डिक्सन या मोजणीदारांनी १७६३ ते १७६७ या काळात रेषा आखली, तेव्हा तो मिटला. तोवर दोन्ही घरांतील श्रद्धेचा दिवा मंदावला होता. वसाहतीचा गेलेला ताबा परत मिळावा म्हणून बेनेडिक्ट कॅल्व्हर्टने १७१३ साली कॅथलिक धर्म सोडला आणि १७१५ साली त्याच्या मुलाला ताबा मिळाला. पेनच्या मुलांची वाट याहून फारशी निराळी नव्हती.

कर्ज आणि मुले

पेन दानशूर होता, पण हिशेबी नव्हता. फिलिप फोर्ड या आपल्या कारभाऱ्याने पुढे केलेले कागद तो न वाचता सही करून देत असे. त्यातल्याच एका कागदाने अवघी वसाहत फोर्डच्या नावे झाली होती! फोर्ड वारल्यावर त्याच्या बायकामुलांनी दावा लावला आणि १७०८ साली, त्रेसष्ट वर्षांच्या वयात, पेन कर्जापायी कैदेत पडला. अखेर ७,६०० पौंडांवर तडजोड झाली. १७१२ साली तो वसाहतीचा राज्याधिकार राजसत्तेला विकण्याच्या बेतात असतानाच त्याला अर्धांगवायूचा झटका आला. १७१८ साली त्याचा अंत झाला. त्याच्या आजारपणात आणि नंतरही १७२६ पर्यंत दुसरी पत्नी हॅना हिने इंग्लंडमध्ये राहून वसाहतीचा कारभार सांभाळला. तिचे हे कर्तृत्व विस्मरणात गेले होते. १९८४ साली अमेरिकेने पतीबरोबर तिलाही सन्माननीय नागरिकत्व दिले.

पहिल्या पत्नीपासून झालेला सद्गुणी मुलगा स्प्रिंगेट विशीतच वारला. दुसरा मुलगा विल्यम फिलाडेल्फियात खानावळीतील मारामारीत सापडला आणि क्वेकर पंथ सोडून मोकळा झाला. वसाहत गेली हॅनाच्या मुलांकडे: जॉन, टॉमस आणि रिचर्ड. त्यांना वडिलांकडून अमर्याद जमीन मिळाली, तसेच कर्जही मिळाले. कर्ज फेडायचे तर जमीन विकली पाहिजे. विकायची तर ती आधी लेनापेंच्या हातून सुटली पाहिजे.

दीड दिवसाची चाल

यासाठी मुलांनी व त्यांचा कारभारी जेम्स लोगन याने १६८६ सालच्या एका खताची नक्कल पुढे केली. एका जागेपासून माणूस दीड दिवसात चालत जाईल तेवढी जमीन लेनापेंनी पेनला दिली, असा त्यातील मजकूर. मूळ खत कोणालाही दाखविता आले नाही. तरीही जुन्या स्नेहाच्या भरवशावर लापाविन्सो आदी लेनापे प्रमुखांनी संमती दिली. त्यांच्या कल्पनेत चालणे म्हणजे नदीकाठाने, विसावा घेत, चिलीम ओढत चालणे होते.

पेनबंधूंनी मात्र १७३५ सालीच गुपचूप चालून पाहून रानातून सरळ वाट आखून ठेवली होती. १९ सप्टेंबर १७३७ रोजी सूर्योदयास तीन निवडक चपळ माणसे निघाली. बरोबर शिधा घेतलेले घोडेस्वार होते. एकजण पहिल्याच दिवशी थकून मागे राहिला, दुसरा दुसऱ्या दिवशी कोसळला. एडवर्ड मार्शल हा तिसरा साठ मैलांहून अधिक अंतर तोडून गेला. तेथून नदीकडे जवळची रेषा न काढता काटकोनात तिरकी रेषा काढण्यात आली आणि सुमारे १,२०० चौरस मैल भूमी पेन घराण्याच्या खात्यात जमा झाली. सोबत चाललेले लेनापे वाटेतच म्हणू लागले होते की ही चाल नव्हे, ही तर धाव आहे.

लेनापे आपल्या भूमीतून हाकलले गेले. १७५५ साली त्यांनी शस्त्र उचलले. १७५६ साली वसाहतीने त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले व माणसांच्या टाळूच्या कातड्यांवर बक्षिसे लावली, तेव्हा अनेक क्वेकर सदस्यांनी विधिमंडळातून राजीनामे दिले. त्याच वर्षी ईस्टन येथील सभेत लेनापे नेता टीडीयुस्कंग याने, ज्या भूमीवर आपण उभे आहोत तीच आमच्यापासून कपटाने घेतली गेली, असे ठणकावून सांगितले. पंथाने वडिलांचा शब्द आठवला. रक्ताच्या वारसांना तो आठवला नाही. टॉमसने १७५१ साली एका अर्लच्या मुलीशी विवाह केला आणि तो राजमान्य चर्चमध्ये गेला.

१७६३ च्या डिसेंबरात, पेनचा नातू जॉन गव्हर्नर असताना, वसाहतीत शांततेने राहणाऱ्या वीस कॉनेस्टोगा मूळ रहिवाशांची गोऱ्या जमावाने कत्तल केली. १७०१ साली विल्यम पेनने याच जमातीशी मैत्रीचा करार केला होता. मारेकऱ्यांपैकी एकालाही शिक्षा झाली नाही.

चित्र, पैसा आणि पट्टा

१७७१ च्या सुमारास टॉमस पेनने बेंजामिन वेस्ट या नामवंत चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले. विषय: एल्म वृक्षाखाली लेनापेंशी मैत्रीचा करार करणारे आपले वडील! ज्या वचनाला मुलाने पायदळी तुडविले, त्याची तसबीर त्याने सोनेरी चौकटीत बसविली. आपणही आपल्या पूर्वजांची चित्रे भिंतीवर लावतो, त्यांच्यापुढे मेणबत्ती लावतो. त्यांनी जपलेला शेजारधर्म आणि व्यवहारातील सचोटी मात्र जमिनीचा भाव वाढला की आपल्याला जुन्या काळची वाटू लागते. टॉमस पेनला दोष देताना हे विसरू नये.

अमेरिकन क्रांतीत, १७७९ साली, पेन्सिल्व्हानियाच्या विधिमंडळाने पेन घराण्याची वसाहतीवरील मालकी संपविली. भरपाई १,३०,००० पौंड. एकशे एक वर्षांचा वसाहतीचा मालकी हक्क शोधू गेल्यास सापडणार नाही. अठ्ठ्याण्णव वर्षांतच तो संपला. सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचे जे कलम पेनने लोकांच्या हाती सोपविले होते, ते मात्र टिकले. संत जोसेफ मंदिर त्याच जागी आहे. लेनापे वंशजांनी त्या चालीत गेलेल्या जमिनीसाठी २००४ साली न्यायालयात दाद मागितली. २००६ साली त्यांचा दावा कायमचा फेटाळला गेला.

पेन घराण्यात आणखी एक वस्तू पिढ्यानपिढ्या चालत आली होती. शिंपल्यांच्या मण्यांनी विणलेला एक पट्टा; त्यावर हातात हात घेतलेली दोन माणसे. एल्म वृक्षाखालील कराराची खूण म्हणून लेनापेंनी तो दिला, असे घराण्यात सांगत असत. पेनचा पणतू ग्रॅनव्हिल जॉन पेन याने १८५७ साली तो फिलाडेल्फियाच्या इतिहाससंस्थेला देऊन टाकला. घरात खत होते, कर्जाचे कागद होते आणि हा पट्टाही होता. संकटाच्या वेळी मुलांनी पेटीतून कोणती वस्तू बाहेर काढली, यावर त्या घराण्याचा इतिहास ठरला. प्रत्येक घराण्याचा तसाच ठरतो.